भेगेचा जमाखर्च

एखाद्या शास्त्रज्ञानें जन्मभर केलेल्या कामाचें मोल कसें ठरवावें, हा प्रश्न वरवर पाहतां विद्यापीठांच्या निवडसमित्यांचा आहे. तुमच्या-आमच्या घरांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांतील मुलगा अगर मुलगी आज संशोधनाच्या मार्गाला लागलेली आहे, त्या घरांत हा प्रश्न जेवतांना देखील निघतो. किती निबंध छापून आले, कोणत्या नियतकालिकांत आले आणि त्यांचा उल्लेख इतर किती जणांनीं केला, या आंकड्यांवर आज नोकरी मिळते, बढती मिळते, प्रयोगशाळेला पैसा मिळतो. आंकडे मोजावयास सोपे, म्हणून ते मोजले जातात. त्यांच्या मागें जें न मोजलेलें राहतें तें कोणत्या जातीचें असतें, हें एका खऱ्या चरित्रावरून दाखवावें, असा आज माझा विचार आहे.

हें चरित्र ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाचें. त्यांचा जन्म १८९३ सालीं लंडन येथें झाला व १९६३ सालीं ते वारले. पदार्थ कां मोडतात आणि केव्हां मोडतात, याचें जें शास्त्र आज विमानांपासून अणुभट्ट्यांपर्यंत सर्वत्र लागू केलें जातें, त्याचे जनक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. पण त्यांच्या छापील निबंधांची यादी करूं गेल्यास ती फार आंखूड होते. आणि पदार्थांच्या भंगाविषयींचे त्यांचे महत्त्वाचे निबंध तर दोनच: एक १९२० सालचा, दुसरा १९२४ सालचा. त्यानंतर त्यांनीं तो विषय सोडला. कां सोडला, तें पुढें येईलच. प्रथम त्या विषयाचीच थोडी ओळख करून घेऊं.

कापडाच्या दुकानांत एक गोष्ट आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. दुकानदार ठाण उलगडून कापड मोजतो, कांठाशीं कातरीनें बोटभर छेद देतो आणि मग दोन्ही हातांनीं तें टर्रकन फाडतो. तेंच कापड छेद न देतां फाडूं जा. पहिलवानाचेहि हात भरून येतील. कांचवाला तावदान कापतो, तेंहि याच रीतीनें. हिऱ्याच्या कणीनें एक ओरखडा ओढावयाचा, मग हलकासा दाब द्यावयाचा, कीं कांच नेमकी त्या रेषेवर दुभंगते. दुकानदाराच्या व कांचवाल्याच्या हातांना जें ठाऊक होतें, तें इंजिनियरांच्या वहीत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नीटसें उतरलेलें नव्हतें. इंजिनियराचें गणित असें: अमुक जाडीच्या सळईला अमुक वजन टांगलें तर दर चौरस इंचास इतका ताण येतो, त्या धातूला याच्या कित्येक पट ताण सोसतो, सबब सळई सुरक्षित आहे. या गणितांत ओरखड्याला जागाच नव्हती.

ग्रिफिथ यांचें शिक्षण लिव्हरपूल विद्यापीठांत यंत्रशास्त्राचें झालें. पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१५ सालीं, ते फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यांत रुजू झाले. हा कारखाना पुढें रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या नांवानें प्रसिद्धीस आला. तेथें त्यांची गांठ जी. आय. टेलर या केंब्रिजच्या असामान्य बुद्धीच्या शास्त्रज्ञाशीं पडली. विमानाचा दांडा पिळला जात असतां त्याच्या आंत ताण कसा वांटला जातो, हें काढणें त्या वेळीं अत्यंत जिकिरीचें काम होतें. वर्तुळाकृति दांड्याचें गणित सोपें. पण विमानाच्या पंखांतील दांड्यांचे छेद वाटेल तसे वेडेवांकडे असत. प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञानें १९०३ सालीं दाखविलें होतें कीं, या ताणाचें गणित आणि ताणून किंचित् फुगविलेल्या साबणाच्या पडद्याचें गणित हीं एकच आहेत. टेलर आणि ग्रिफिथ यांनीं या सिद्धान्ताचें हत्यार बनविलें. दांड्याच्या छेदाच्या आकाराचें भोंक पत्र्यांत पाडावयाचें, त्यावर साबणाचा पडदा धरून तो किंचित् फुगवावयाचा, आणि त्याचा उतार मोजावयाचा. जेथें उतार तीव्र, तेथें दांड्यांत ताण अधिक. १९१७ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला आणि तरुण ग्रिफिथ यांना सहकाऱ्यांकडून ‘साबणफुगे ग्रिफिथ’ अशी पदवी मिळाली. चेष्टेंतली ही पदवी त्यांच्या बुद्धीचा कल बरोबर सांगते. अवघड प्रश्नाला भिडण्यासाठीं ते साधी व स्वस्त वस्तु शोधीत.

त्यांचा पुढचा प्रश्न ओरखड्यांचा होता. यंत्राचे जे भाग फिरतात अगर पुनः पुनः ताणले जातात, त्यांवर घडण करतांना राहिलेले बारीक ओरखडे त्यांची बळकटी कमी करतात, हें कारखान्यांतून लक्षांत आलें होतें. त्याचें कारण १९१३ सालीं केंब्रिजचे सी. ई. इंग्लिस यांनीं जहाजबांधणीच्या शास्त्रज्ञांपुढें मांडलें होतें. ताणलेल्या पत्र्याला गोल भोंक पाडलें, तर भोंकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोंक लंबवर्तुळाकार करून तें ताणाच्या दिशेला आडवें ठेवलें आणि त्याची लांबी रुंदीच्या दसपट केली, तर त्याच्या टोंकाशीं ताण एकवीस पट होतो. भोंक जितकें निमुळतें, तितका टोंकाशीं ताण अधिक. कातरीच्या छेदाचें रहस्य येथें उलगडल्यासारखें वाटतें.

परंतु हें उत्तर जरा पुढें नेलें कीं अडचण उभी राहते. भेगेचें टोंक म्हणजे निमुळतेपणाची परमावधि. तेथील ताण या हिशेबानें जवळजवळ अमर्याद व्हावयास हवा. मग ज्या ज्या वस्तूला भेग आहे ती वस्तु फुंकरीसरशी मोडली पाहिजे. आणि आपल्या घरांतली एकहि कपबशी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतां कामा नये! दुसरी अडचण अशी कीं, इंग्लिस यांच्या गणितांत महत्त्व आहे तें आकाराला, लांबीला नव्हे. ओरखडा केसाएवढा असो वा वितीएवढा, आकार सारखा असला म्हणजे टोंकाशीं ताण सारखाच. प्रत्यक्ष अनुभव मात्र असा कीं, बारीक ओरखडा चालतो आणि लांब भेग घात करते. गणित खोटें नव्हतें, आणि अनुभव तर खोटा असूंच शकत नाहीं. तेव्हां प्रश्नच निराळ्या रीतीनें विचारला पाहिजे, हें ग्रिफिथ यांनीं ओळखलें.

टोंकाशीं ताण किती, हा प्रश्न त्यांनीं बाजूला ठेवला. त्यांनीं विचारलें: भेग आणखी थोडी वाढावी, तर त्यासाठीं खर्च काय येतो, आणि तो खर्च भरतो कोण? हा प्रश्न एखाद्या चांगल्या गृहिणीनें विचारावा तसा आहे. भेग वाढली म्हणजे पदार्थाचे दोन नवे पृष्ठभाग उघडे पडतात. एकमेकांना धरून बसलेले कण दूर करावयाचे, तर शक्ति खर्च करावी लागते. ही झाली खर्चाची बाजू. आतां जमेची बाजू पाहा. ताणलेला पदार्थ ताणलेल्या रबरासारखा असतो. त्यांत शक्ति सांठलेली असते. भेग वाढली म्हणजे तिच्या दोन्ही अंगांचा भाग सैल पडतो आणि त्यांत सांठलेली शक्ति मोकळी होते. ती जमा. खर्चाहून जमा अधिक असेल, तर भेग आपली आपणच वाढेल; जमेहून खर्च अधिक असेल, तर ती आहे तेथेंच थांबेल.

या जमाखर्चाची खुबी अशी कीं, दोन्ही बाजू एका चालीनें वाढत नाहींत. खर्च भेगेच्या लांबीच्या प्रमाणांत वाढतो. जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, कारण भेग लांबली कीं सैल पडणारा प्रदेश लांबी आणि रुंदी अशा दोन्ही अंगांनीं पसरतो. एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, भेग दर सुतामागें वाढविण्यास चार रुपये खर्च आहे. एक सूत भेगेला एकूण जमा एक रुपया, दोन सुतांना चार, तीन सुतांना नऊ, चार सुतांना सोळा. म्हणजे पहिल्या सुताला जमा एक, खर्च चार. दुसऱ्या सुताला जमा तीन, खर्च चार. पण तिसऱ्या सुताला जमा पांच आणि खर्च तोच चार! भेग दोन सुतांची होईपर्यंत तिला कोणीतरी बाहेरून ढकलावें लागतें. दोन सुतें ओलांडलीं कीं तिचा संसार स्वतःच्या मिळकतीवर चालूं लागतो, आणि मग तिला आवरणारें कोणी राहत नाहीं. कपाचा तडा महिनोन् महिने जागचा हलत नाहीं आणि एके दिवशीं चहा ओततांना कप एकदम दुभंगतो, त्याच्या मुळाशीं हाच हिशेब आहे.

प्रत्येक पदार्थाला, प्रत्येक ताणाला, अशी एक मर्यादेची लांबी असते. ताण दुप्पट केला, तर ही मर्यादा एकचतुर्थांश होते. उलट भेग चौपट लांब असेल, तर ती वस्तु निम्म्या ताणालाच मोडते. कपबशा दुसऱ्या दिवसापर्यंत कां टिकतात, आणि बारीक ओरखडा कां चालतो, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच वाक्यांत मिळालें.

आतां सिद्धान्त सुचणें निराळें आणि तो पटवून देणें निराळें. त्यासाठीं पदार्थ असा हवा होता कीं, जो मोडण्यापूर्वी वांकत नाहीं, लोंबत नाहीं, दगा देत नाहीं. ग्रिफिथ यांनीं कांच निवडली. कांचेचा नवा पृष्ठभाग करण्यास किती शक्ति लागते, हें घट्ट कांचेवर मोजणें कठीण. म्हणून त्यांनीं वितळत्या कांचेचा पृष्ठताण निरनिराळ्या उष्णतामानांवर मोजला आणि त्यावरून थंड कांचेचा आंकडा काढला. मग कांचेचे पातळ गोल फुगे आणि नळ्या घेऊन त्यांवर मुद्दाम ठराविक लांबीच्या भेगा पाडल्या, आणि ते फुटेपर्यंत आंतून दाब वाढवीत नेला. भेग लांब तसा फोडणारा दाब कमी, आणि तोहि सांगितलेल्याच प्रमाणांत. जमाखर्च जुळला.

पण ग्रिफिथ एवढ्यावर थांबले नाहींत. त्यांच्या हिशेबाप्रमाणें निर्दोष कांचेची बळकटी दर चौरस इंचास दहा लक्ष रत्तलांहून, म्हणजे पौंडांहून, पुष्कळच अधिक असावयास हवी होती. प्रत्यक्षांत नेहमींच्या कांचेची बळकटी याच्या अल्पशा अंशाइतकीच भरते. याचा अर्थ एकच: जी कांच आपण निर्दोष म्हणून विकत घेतों, तिच्या अंगावरहि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असल्या पाहिजेत. मग अशी कांच करतां येईल काय, कीं जिच्यांत मोठ्या भेगेला जागाच मिळणार नाहीं? ग्रिफिथ यांनीं कांच तापवून तिचे तंतु ओढले. सुमारें एक मिलिमीटर जाडीच्या कांडीची बळकटी दर चौरस इंचास २४,९०० रत्तल भरली. तंतु जसजसे बारीक होत गेले, तसतशी ती वाढत गेली. आणि मिलिमीटरच्या सुमारें तीनशेव्या हिश्श्याइतक्या बारीक तंतूची बळकटी ४,९१,००० रत्तल भरली. तीच कांच, तीच भट्टी, आणि बळकटी सुमारें वीस पट! शिवाय नुकताच ओढलेला तंतु सर्वांत बळकट असतो आणि कांहीं तासांत त्याची बळकटी उतरते, हेंहि त्यांना आढळलें. पदार्थ दुबळा असतो तो त्याच्या घडणीमुळें नव्हे, त्याच्या दोषांमुळें, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणें पूर्वी कोणी दाखविली नव्हती. आज कांचतंतु राळेंत बसवून होड्या आणि पवनचक्क्यांचीं पातीं करतात, त्यांच्या बळकटीमागें हेंच तत्त्व आहे.

हा सगळा मजकूर एका निबंधांत आला. जी. आय. टेलर यांनीं तो लंडनच्या रॉयल सोसायटीकडे सादर केला आणि फेब्रुवारी १९२० मध्यें तो तेथें वाचला गेला. त्या निबंधांत एक लहानशी टीप आहे, तिच्याकडे मी आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. निबंध छापून होत असतां ग्रिफिथ यांना स्वतःलाच आढळलें कीं, भेग पडलेल्या पत्र्यांतील शक्तीचा हिशेब करण्याच्या आपल्या रीतींत दुरुस्ती हवी आहे. त्यांनीं तें झांकून ठेवलें नाहीं. तशी टीपच निबंधाला जोडली. १९२४ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथें भरलेल्या यंत्रशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यांनीं दुरुस्त केलेलें सूत्र मांडलें. मूळ विचाराला त्यानें धक्का लागला नाहीं. निबंधांची संख्या मोजणाऱ्याच्या लेखीं मात्र अशा टिपेला किंमत शून्य.

आणि येथेंच त्यांचा या विषयांतील प्रवास संपला. याविषयींची एक हकीकत जे. ई. गॉर्डन यांनीं पदार्थांच्या बळकटीवरील आपल्या १९६८ सालच्या पुस्तकांत नमूद केली आहे. ग्रिफिथ यांचे मदतनीस बेन लॉकस्पायझर एके रात्रीं कांच वितळविण्याची गॅसची बत्ती बंद करावयास विसरले आणि प्रयोगशाळेला आग लागली. चौकशी झाली, आणि कांचेचे तंतु ओढण्यांत वेळ दवडूं नये, अशी दोघांनाहि समज मिळाली. ग्रिफिथ यांची नेमणूक इंजिनांच्या कामावर झाली. लॉकस्पायझर पुढें सर झाले आणि युरोपांतील अणुसंशोधनाच्या सर्न या संस्थेच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. माणसें वाया गेलीं नाहींत. विषय मात्र पोरका झाला.

तो पोरका राहण्यास आणखीहि एक कारण होतें, आणि तें आगीपेक्षां मोठें होतें. निबंध कांचेविषयीं होता, आणि इंजिनियर पूल बांधतात ते पोलादाचे. पोलाद मोडण्यापूर्वी वांकतें, ताणतें, भेगेचें टोंक बोथट करतें. ग्रिफिथ यांचा हिशेब पोलादाला जशाचा तसा लावला, तर आलेलें उत्तर प्रत्यक्षाशीं मुळींच जुळत नसे. तेव्हां इंजिनियरांनीं तो निबंध हुशारीचा पण निरुपयोगी म्हणून फडताळांत ठेवून दिला. उल्लेखांच्या संख्येवर १९३० सालीं कोणी ग्रिफिथ यांची पारख केली असती, तर या निबंधाला फारसे गुण मिळाले नसते.

त्या निबंधाची आठवण समुद्रानें करून दिली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें लिबर्टी नांवाचीं सुमारें सत्तावीसशें मालवाहू जहाजें झपाट्यानें बांधलीं. पूर्वीं जहाजाचे पत्रे रिव्हेटांनीं जोडीत. आतां ते वितळवून सांधूं लागले. काम लवकर होई, पण सगळें जहाज म्हणजे एक अखंड पत्रा होई. रिव्हेटांच्या जहाजांत एका पत्र्याची भेग त्या पत्र्याच्या कांठाशीं बहुधा थांबे. सांधलेल्या जहाजांत तिला थांबविणारा कांठच उरला नाहीं. १६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं ओरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड येथें स्केनेक्टडी नांवाचें अगदीं नवें तेलवाहू जहाज, याच सांधण्याच्या पद्धतीनें बांधलेलें, धक्क्याला बांधून ठेवलेलें होतें. वादळ नव्हतें, लाट नव्हती; हवा मात्र थंड होती. प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध जवळजवळ दुभंगलें. अशा भेगा त्या काळांत इतरहि अनेक जहाजांना पडल्या. थंडींत त्या वेळचें पोलाद ठिसूळ बनतें, सांधतांना बारीक दोष राहतात, आणि चौकोनी झडपांच्या कोंपऱ्यांशीं ताण गोळा होतो. ज्याला आपण कांचेचा गुण समजत होतों, तो पोलादांतहि लपलेला होता.

मग शोध सुरू झाला, आणि तो शोध करणारे पुनः त्या जुन्या निबंधाशीं येऊन पोंचले. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंतील जॉर्ज अर्विन आणि हंगेरींत जन्मलेले एगॉन ओरोवान यांनीं १९४८ च्या सुमारास स्वतंत्रपणें तें एकच मर्म ओळखलें. ग्रिफिथ यांचा जमाखर्च खरा आहे. पोलादाच्या बाबतींत फक्त खर्चाची रक्कम चुकीची धरली जात होती. पोलादाची भेग वाढतांना नुसता नवा पृष्ठभाग होत नाहीं. तिच्या टोंकाभोंवतालचा धातु चेपला जातो, ताणला जातो, आणि त्यांत पृष्ठभागाच्या खर्चाच्या हजारपट शक्ति खर्ची पडूं शकते. तेवढी रक्कम खर्चाच्या बाजूला मांडली कीं हिशेब पुनः जुळतो. १९५७ सालीं अर्विन यांनीं हें सारें इंजिनियरांना रोजच्या कामांत वापरतां येईल अशा स्वरूपांत आणलें. भेग वाढतांना जी शक्ति मोकळी होते, म्हणजे आपल्या जमाखर्चांतील जमा, तिला त्यांनीं ग्रिफिथ यांच्या नांवावरून ‘जी’ हें अक्षर दिलें. आज जगांत कोठेंहि पदार्थांच्या भंगाचें गणित करणारा विद्यार्थी तें अक्षर दिवसांतून दहादां लिहितो.

याच सुमारास त्या सिद्धान्ताचें गांभीर्य आणखी एका दुर्घटनेनें जगाला पटविलें, आणि तिचा उलगडा व्हावा तो फार्नबरो येथेंच! कॉमेट हें जगांतील पहिलें जेट प्रवासी विमान. १० जानेवारी १९५४ रोजीं एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रांत कोसळलें आणि त्यांतील पस्तीसहि माणसें दगावलीं. ८ एप्रिल रोजीं दुसरें नेपल्सजवळ कोसळलें. त्यांत एकवीस गेलीं. फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनीं एक संबंध विमान पाण्याच्या टांकींत बसविलें, आणि उड्डाणांत हवेचा दाब चढतो-उतरतो तसा त्याच्या आंत पाण्याचा दाब हजारों वेळां चढविला व उतरविला. पूर्वींचीं खरीं उड्डाणें आणि हीं कृत्रिम उड्डाणें मिळून सुमारें तीन हजार फेरे झाले, आणि विमानाचें अंग फाटलें. भेगेचा उगम एका झडपेच्या खिडकीच्या कोंपऱ्याशीं होता. वारंवारच्या ताणानें धातु थकतो, थकव्यानें बारीक भेग पडते, ती हळूहळू वाढते. आणि मर्यादेची लांबी ओलांडली कीं क्षणांत सगळें संपतें. यांतली शेवटची पायरी ग्रिफिथ यांनीं त्याच गांवीं, तीन तपांपूर्वी, कांचेच्या फुग्यांवर मोजली होती.

तेव्हांपासून विमानाच्या तपासणीची दृष्टीच हळूहळू पालटत गेली. भेग असतां कामा नये, असें आतां कोणी म्हणत नाहीं. भेग असणारच, असें धरून चालतात. ती किती मोठी झाल्यावर दिसेल, किती मोठी झाल्यावर घात करील, आणि या दोहोंच्या मध्यें किती उड्डाणें होतील, याचा हिशेब करून तपासणीचे दिवस ठरवितात. आपण निश्चिंतपणें विमानांत बसतों, त्या निश्चिंतपणाचा एक भाग हा हिशेब आहे.

इकडे ग्रिफिथ यांचें काय झालें? इंजिनांच्या विषयांतहि त्यांची बुद्धि तितकीच चालली. १९२६ सालीं त्यांनीं टर्बाइनचीं पातीं विमानाच्या पंखांप्रमाणें घडवावीं, म्हणजे यंत्राची कार्यक्षमता पुष्कळ वाढेल, असा सिद्धान्त मांडला. जेट इंजिनांच्या इतिहासांत या लेखाला मोठें स्थान आहे; पण तो सरकारी अहवाल होता, बाजारांतील नियतकालिकांतला निबंध नव्हे. १९३९ सालीं ते रोल्स-रॉइस कंपनींत गेले, १९४१ सालीं रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ज्या आराखड्यांतून पुढें त्या कंपनीचें प्रसिद्ध एव्हन इंजिन निघालें, त्यांत त्यांचा वांटा होता. आणि १९५८ सालीं ज्या सुधारलेल्या कॉमेटनें अटलांटिक महासागर ओलांडून प्रवासी नेण्यास सुरवात केली, त्याला हींच इंजिनें होतीं. कंपनींतलें कामहि बहुतांशीं गुप्त. यादी आंखूडच राहिली.

चरित्र सांगतांना उजेडाबरोबर सावलीहि सांगितली पाहिजे. १९२९ सालीं फ्रँक व्हिटल नांवाचा एक तरुण वैमानिक आपली जेट इंजिनाची कल्पना घेऊन विमानखात्याकडे गेला. खात्यानें ती तपासण्यास ग्रिफिथ यांच्याकडे पाठविली. ग्रिफिथ यांनीं व्हिटलच्या गणितांतील दोष दाखविले, आणि हें यंत्र कार्यक्षम होणार नाहीं, असा अभिप्राय दिला. खात्यानें पैसे दिले नाहींत. १९३५ सालीं व्हिटलच्या पेटंटचें नूतनीकरण करण्याची पांच पौंडांची फी भरावयासहि कोणी पुढें आलें नाहीं, आणि तें पेटंट बुडालें. तरीहि त्या तरुणानें जिद्द सोडली नाहीं आणि १२ एप्रिल १९३७ रोजीं त्याचें इंजिन चाललें. ग्रिफिथ यांनीं दाखविलेले दोष कागदावर खरे असतील. पण त्या कल्पनेंत काय वाढूं शकेल, तें त्यांना दिसलें नाहीं. ज्या माणसाच्या कांचेच्या तंतूंना वेळेचा अपव्यय ठरविलें गेलें, त्यानेंच दुसऱ्याच्या इंजिनाला जवळजवळ तसाच शेरा दिला. दुसऱ्याच्या कामाची पारख करणें हें मोठ्या बुद्धीच्या माणसालाहि किती अवघड असतें, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

मग मोजमाप करूंच नये काय? तसें माझें म्हणणें नाहीं. सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेथें हिशेब विचारलाच पाहिजे. पण कोणता हिशेब? निबंधांची संख्या ही खर्चाची बाजू आहे. माणसानें किती कागद, किती वेळ, किती श्रम लावले, एवढेंच ती सांगते. जमेची बाजू निराळी आहे. त्या निबंधांत प्रश्न नवा विचारला गेला काय? जें मोजलें तें दुसऱ्या कोणी मोजलें तर तसेंच येईल काय? लेखकाला स्वतःची चूक दिसली तेव्हां त्यानें ती लिहून ठेवली काय? ही जमा पहिल्या वर्षीं दिसत नाहीं, कित्येकदां पंचवीस वर्षांतहि दिसत नाहीं. ज्या दिवशीं एखादें जहाज धक्क्याला उभ्या उभ्या दुभंगतें, त्या दिवशीं ती उपयोगाला येते. आणि तोंवर तो निबंध कोठेंतरी जपून ठेवलेला, कोणाच्या तरी हातीं लागेलसा असावा लागतो. ग्रंथालयांवर केलेला खर्च व्यर्थ नाहीं, तो यासाठींच.

तेव्हां, आपल्या घरांतील कोणी तरुण संशोधक वर्षअखेर खिन्न होऊन म्हणाला कीं, यंदां माझा एकच निबंध झाला, तर त्याला संख्या विचारूं नका. त्या एका निबंधांत काय आहे, तें आपल्याला समजेल अशा शब्दांत सांग, एवढेंच म्हणा, आणि तो सांगूं लागला कीं शेवटपर्यंत ऐकून घ्या.